मदत करणाऱ्यांचा ताण: माणूस खंबीर करायचा की रोस्टर बदलायचं?

रात्रपाळी (धागाकर्ता)

परिचारिका, समुपदेशक, समाजसेवक, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्या ताणाचा विषय निघाला की संस्था एक दिवसाची ताणमुक्ती कार्यशाळा ठेवते आणि हात झटकते. माझा याला ठाम विरोध आहे. या ताणाचं मूळ रोस्टरमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकात, आणि मनुष्यबळाच्या प्रमाणात आहे.

परिचर्या क्षेत्रातल्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये आला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट (कामाच्या ताणाने पार गळून जाणं) होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. रुग्ण वाढले की आधी सुटतं ते कूस बदलून देणं, धीर देणं, नातेवाइकांशी बोलणं. आणि याच कामांमुळे तिला आपलं काम सार्थ वाटत असतं. म्हणजे थकवाही वाढतो आणि समाधानही जातं.

संध्याकाळची पाळी संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी हजर, ही जोडणी सगळ्यात आधी बंद करा. दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तास मिळाले नाहीत तर प्रवास, जेवण, अंघोळ वजा जाता झोपेला जेमतेम पाच तास उरतात.

समुपदेशन_कक्ष

अर्धं मान्य, अर्धं अजिबात नाही. बर्नआउट ओझ्यातून हळूहळू चढतो. अत्याचाराचे तपशील ऐकून होणारा दुय्यम आघात ही निराळी गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये त्यावर सविस्तर मांडणी केली. आठवड्याला पाचच सत्रं घेणाऱ्यालाही तो होऊ शकतो. लक्षणंही वेगळी: ऐकलेलं दृश्य झोपेत दिसणं, अनोळखी माणसाचा संशय येणं, ठरावीक व्यक्तीचं सत्र पुढे ढकलत राहणं. किंवा उलट, तिला वेळेबाहेर फोन करत राहणं. हे शेवटचं लोकांना समर्पण वाटतं, म्हणून फार उशिरा लक्षात येतं.

इथे कौशल्यच लागतं. जड सत्रानंतर दहा मिनिटं ठेवा. आधी नोंद, त्यात फक्त काय सांगितलं गेलं आणि काय ठरलं. मग स्वतःसाठी एक ओळ: आत्ता अंगात काय जाणवतंय. दोन-तीन मिनिटं श्वास सावकाश, लांबवर सोडायचा. शेवटी सुपरव्हिजनमध्ये (अनुभवी समुपदेशकासोबत आपल्या केसेसची नियमित चर्चा) न्यायचा एक प्रश्न लिहायचा. ऐकण्याची पद्धतही बदलता येते. ‘हे माझ्यावर ओढवलं असतं तर’ असं मनात आणत ऐकलं की माणूस खचतो. ‘याला आत्ता कशाची गरज आहे’ या रोखाने ऐकलं की टिकतो. मेंदू-संशोधक तानिया सिंगर यांच्या गटाने प्रशिक्षणाच्या प्रयोगांत या दोन्हींसाठी मेंदूतली वेगवेगळी जाळी काम करतात असं दाखवलं आहे.

केसफाइल

ती दहा मिनिटं आणायची कुठून? ५० मिनिटांचं सत्र आणि दर तासाला नवी व्यक्ती, म्हणजे कागदावर ती आहेतच. प्रत्यक्षात त्यात फोन येतात, सत्र लांबतं, पुढचा माणूस दारात असतो आणि नोंदी घरी जातात.

शिवाय केसेसची नुसती संख्या मोजणं हीच चूक आहे. ‘प्रत्येकाकडे २५ केसेस’ ऐकायला न्याय्य वाटतं. पण मुलाला घरातून हलवायचं की नाही हा निर्णय आणि एखाद्या कागदपत्राची पूर्तता एका मापात बसत नाही. गुण द्या: साधी केस १, नियमित भेटींची २, जिवाला धोका किंवा न्यायालय असेल तर ४. माणसाची मर्यादा गुणांत ठरवा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. वर्षातून एकदाच मोजलंत तर अवघड केसेस अनुभवी माणसाकडे साचत जातात, आणि बऱ्याचदा तोच आधी सोडून जातो.

आपत्कालीन_प्रशिक्षक

एक घातक सवय इथे यायलाच हवी: मोठ्या अपघातानंतर सगळ्या चमूला बसवून प्रत्येकाला घटना पुन्हा सांगायला लावणं. अशा एका बैठकीने आघातोत्तर ताणविकार (PTSD) टळत नाही, असं कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात दिसलं. काहींचा त्रास वाढल्याचीही नोंद होती.

त्याऐवजी त्याच पाळीत पाणी, खाणं आणि पुढच्या कॉलमधून सुटका द्या. घरी एकट्याने गाडी चालवत पाठवू नका. ज्याला बोलायचं असेल त्याला ओळखीचा सहकारी द्या, ज्याला नको त्याला सोडा. पुढचा महिनाभर झोप, चिडचिड, टाळाटाळ यांवर लक्ष ठेवा. त्रास टिकला तर आघातावर केंद्रित उपचारांकडे पाठवा. उपचारात काय चुकलं याची तांत्रिक चर्चा जरूर करा, पण ती वेगळ्या वेळी.

रात्रपाळी

@समुपदेशन_कक्ष, दुय्यम आघात वेगळा, हे मान्य. पण तुमचं सुपरव्हिजन देणार कोण? संस्थाच. आणि अनेक ठिकाणी ते घेणारा वरिष्ठच वार्षिक मूल्यमापन लिहितो. ‘मला त्या केसची भीती वाटते’ असं त्याच्यासमोर कोण बोलेल? मग तो तास प्रलंबित फाइलींमध्येच जातो. मूल्यमापनाशी संबंध नसलेला सुपरव्हायझर आणि ड्युटीत धरलेला वेळ, या दोन गोष्टींशिवाय त्याला अर्थ नाही. डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचं २०१७ चं एकत्रित विश्लेषणही हेच सांगतं: संस्थापातळीवरचे बदल वैयक्तिक प्रशिक्षणापेक्षा जास्त परिणामकारक ठरले.

समुपदेशन_कक्ष

त्याच विश्लेषणात एकंदर परिणाम लहानच होता, हेही लिहा. सुपरव्हायझर वेगळा हवा, याला पूर्ण पाठिंबा. पण रोस्टर आदर्श झालं तरी कुणाला तरी मृत्यूची बातमी सांगावीच लागणार. ते शिकवता येतं: शांत जागा, बसून बोलणं, एका वाक्याची पूर्वसूचना, मग ‘मृत्यू झाला’ हे स्पष्ट शब्द, आणि त्यानंतर गप्प राहणं. न शिकलेला माणूस आडवळणाने बोलतो, नातेवाईक आशा धरतात, मग त्याला तेच पुन्हा सांगावं लागतं. त्याला कितीही कमी रुग्ण दिले तरी प्रत्येक वेळी तो तितकाच धास्तावतो. रोस्टर सुधारेपर्यंत हे प्रशिक्षण थांबवायला माझा विरोध आहे.