मदत हवी आहे : कोर्टाचा मेसेज आलाय, चलन कुठेच सापडत नाही (तातडीचे)

कृष्णाकाठ
गाडीवर कोर्टात केस झाल्याचा मेसेज आलाय. त्यातला नंबर ई-चलनाच्या साइटवर टाकला की माहिती उपलब्ध नाही म्हणतं. दोन दिवस हेच चाललंय. वाहतूक चौकीत गेलो तर म्हणाले कोर्टात जा. कोर्टात गेलो तर गेटवरच प्रश्न, कुठलं कोर्ट? मला कसं माहीत असणार? शनिवारच्या आत मिटवायचंय. पैसे कुठे भरायचे तेवढं सांगा. वकील करा असं कृपया सांगू नका.

मोगरा
थांबा, आधी काहीच भरू नका. मेसेजमध्ये लिंक आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय का? सोबत एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) आहे का? चलनाच्या नावाखाली अशी फाइल पाठवून फोनचा ताबा घेतात आणि बँक खातं रिकामं करतात. माझ्या मावसबहिणीचे अठरा हजार असेच गेले. कोणतंही सरकारी खातं एपीके पाठवत नाही. साइटचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इनने संपतो का ते बघा. नसेल तर मेसेज उडवून टाका.

घाटवाट
राष्ट्रीय लोकअदालतीची वाट बघा. वर्षातून साधारण चार वेळा भरते. गेल्या वर्षी मी गेलो होतो, माझी सहा चलनं एका सकाळी मिटली, रक्कमही कमी झाली. उगाच धावपळ करू नका.

तिसरी_बाजू
घाटवाट, त्यांना शनिवारच्या आत हवंय आणि तुम्ही पुढच्या तारखेची वाट बघायला सांगताय. शिवाय लोकअदालतीत रक्कम कमी होईलच असं नसतं, आणि तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. चलन चुकीचं असेल तर तिथे तडजोड करून फायदा काय?

कृष्णाकाठ, गाडी कुठली, चलन कुठल्या शहरातलं, कशाबद्दलचं, काहीच लिहिलेलं नाही तुम्ही. मेसेजमधला नंबर नक्की कसा आहे? सोळा अक्षरी आणि एमएचने सुरू होणारा?

कृष्णाकाठ
हो, एमएचने सुरू होतो. मोजला, सोळाच आहेत. लिंक डॉट जीओव्ही डॉट इनचीच आहे. व्हॉट्सअ‍ॅप नाही, साधा एसएमएस. गाडी स्कूटर आहे, एमएच ११. गाडी नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले तर साइटवर तीन चलनं दिसतात. पण मेसेजमधलं त्यात नाही.

तिसरी_बाजू
मग कोडं सुटलं. तो चलन क्रमांक नाहीच, सीएनआर क्रमांक आहे. म्हणजे कोर्टात नोंदलेल्या प्रकरणाचा क्रमांक. चलनाच्या रकान्यात तो टाकून जन्मभर काही मिळणार नाही. व्हर्च्युअल कोर्टाची, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टाची, साइट उघडा (व्हीकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन). यादीत महाराष्ट्राच्या नावाने जे विभाग दिसतील ते एकेक करून तपासा. शोधायला चार वाटा आहेत : मोबाइल, सीएनआर, पक्षकाराचं नाव, चलन किंवा वाहन क्रमांक. सीएनआरवरून शोधा. प्रकरण उघडलं की दोन पर्याय दिसतील, प्रस्तावित दंड मान्य करून भरणं किंवा प्रकरण लढवणं. लढवायचं म्हटलं तर ते त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. 'कुठलं कोर्ट' या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मिळतं.

आणि ती उरलेली तीन चलनं कसली आहेत?

सायलेन्सर
काही भरू नका. नुसता दंड असलेल्या गुन्ह्याला सहा महिन्यांची मुदत असते. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४. सहा महिने गेले की विषय संपला.

जुना_कारकून
सायलेन्सर, चुकीचा सल्ला देताय. न्यायालयात तीस वर्षं नोकरी केली आहे म्हणून सांगतो. ती मुदत न्यायालयाने दखल घेण्याची आहे. यांचं प्रकरण आधीच नोंदलं गेलंय. उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला असतो. आणि इकडे वाहनाच्या नोंदीवर थकबाकी दिसत राहते, ती नाव बदलायच्या वेळी समोर येते.

कृष्णाकाठ, गाडी तुमच्याच नावावर आहे ना? आणि शनिवारी काय आहे?

कृष्णाकाठ
गाडी बाबांच्या नावावर आहे. शनिवारी त्यांचं वर्षश्राद्ध आहे. पाहुणे यायच्या आत हे संपवायचं होतं. मेसेज बाबांच्या नंबरवर येतात आणि तो फोन आता आईकडे असतो. आधीचे मेसेज तिने वाचलेच नाहीत. हा वाचला. बाबांच्या नावापुढे आरोपी लिहिलेलं बघितल्यापासून ती नीट जेवलेली नाही.

गाडी माझा धाकटा भाऊ वापरतो, शिकायला बाहेरगावी असतो. साइटवरच्या तीनपैकी दोन चलनं त्याचीच आहेत, नो पार्किंगची. तिसऱ्यावर फोटो काळ्या मोटारसायकलचा आहे. आमची स्कूटर पांढरी. गाडी नंबरातला शेवटचा ३ कुणीतरी ८ वाचलाय की उलटं, कळत नाही.

जुना_कारकून
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, सगळं उत्तर बदलतं.

कोर्टातलं चलन कोणत्या तारखेचं आहे? बाबा गेल्यानंतरचं?

कृष्णाकाठ
आत्ता व्हर्च्युअल कोर्टात सापडलं! पाच महिन्यांपूर्वीचं आहे, हेल्मेट नाही म्हणून, ५०० रुपये. बाबा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. भावाला फोन केला, म्हणाला मीच होतो.

घाटवाट
मग ५०० रुपये आहेत, ऑनलाइन भरा आणि मोकळे व्हा. पाच मिनिटांचं काम.

तिसरी_बाजू
पाच मिनिटांचं आहे, पण त्याचा अर्थ बघा. तिथे दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. आणि कबुली कुणाच्या नावाने? जो माणूस तेव्हा हयातच नव्हता त्याच्या. मयत व्यक्तीवर फौजदारी खटला चालत नाही. लढवण्याचा पर्याय निवडा, नेहमीच्या न्यायालयात मृत्यूचा दाखला जोडून अर्ज द्या, गाडी भाऊ चालवत होता हे लिहा. भावाने हजर राहून दंड भरावा.

घाटवाट
५०० रुपयांसाठी कोर्टाच्या पायऱ्या? भावाचा एक दिवस, तुमचा एक दिवस, प्रवासखर्च वेगळा. व्यवहार बघा हो. साइट काही विचारत नाही पैसे कोण भरतंय ते.

जुना_कारकून
दोघांचंही चूक नाही. घाटवाट म्हणतात तसं हजारो लोक भरतात आणि प्रकरण निकाली निघतं. पण कृष्णाकाठ, ते शनिवारच्या आत व्हायलाच हवं असं काही नाही, तुम्हीच ठरवलेली तारीख आहे ती.

काळ्या मोटारसायकलचं चलन मात्र अजिबात भरू नका. महाट्रॅफिक अ‍ॅपमध्ये तक्रारीची सोय आहे. चलनावरचा फोटो, आपल्या स्कूटरचे नंबर दिसेल असे पुढून-मागून फोटो आणि आरसी जोडा. रंग, प्रकार, शेवटचा आकडा, तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहा. तेही कोर्टात जायच्या आत करा. भावाची दोन साइटवर भरून टाका, ती अजून कोर्टात गेलेली नाहीत.

बेळगावकर_
मी २०२२ मध्ये गाडी महाराष्ट्रातून कर्नाटकात नेली. त्याला आधी मूळ आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. चासीचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो. सगळे कागद दोन-दोन प्रतीत न्या.

मोगरा
बेळगावकर, त्यांची गाडी कुठे कर्नाटकात चाललीय?

सायलेन्सर
नंबरचे घोळ होतात म्हणूनच ती नवी नंबरप्लेट सक्तीची केली म्हणतात. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना. मी बसवली, पण मागची एका रिव्हेटवर लटकतेय. कुणाला असा अनुभव?

मोगरा
मलाही आला, पण त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

कृष्णाकाठ, एक राहून जातंय. गाडी अजून बाबांच्या नावावर म्हणजे विमाही त्यांच्याच नावावर असणार. उद्या अपघात झाला तर दाव्याला केवढी अडचण येईल. हे दंडापेक्षा मोठं आहे. भावाला म्हणावं नाव बदलेपर्यंत गाडी घरी ठेव.

जुना_कारकून
मोगराताईंचं बरोबर आहे. मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत नावावर करायचा अर्ज द्यायचा. त्याचा फॉर्म ३१. मृत्यू दाखला, आरसी, विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र. उशीर झाला म्हणून जास्तीची रक्कम भरावी लागेल, पण काम होतं. त्याच वेळी नोंदीतला मोबाइल नंबर बदलून घ्या. नाहीतर पुढचे मेसेजही आईच्याच हातात पडतील.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या पोस्टमध्ये घाईत अर्धंच लिहिलं, माफ करा. तेव्हा वाटलं नुसतं कुठे भरायचं ते कळलं की झालं.

आज केलं ते सांगतो. भावाची दोन चलनं भरली, पावत्या उतरवून घेतल्या. काळ्या मोटारसायकलची तक्रार फोटोंसह टाकली, तक्रार क्रमांक मिळाला. कोर्टातल्या प्रकरणात रात्रभर विचार करून लढवण्याचा पर्याय दाबला. घाटवाट, तुमचा हिशोब बरोबर आहे, जाऊन-येऊन ५०० पेक्षा जास्तच जातील. पण बाबांनी चाळीस वर्षं दुचाकी चालवली आणि एकदाही त्यांची पावती फाटली नाही. गावात कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही हेल्मेट घालायचे. त्यांच्या नावाने 'हेल्मेट घातलं नाही, कबूल' असं मला कोर्टाच्या कागदावर नकोय. भाऊ स्वतःहून येतो म्हणाला, रडला फोनवर.

एकच विचारायचं होतं. निकाल लागल्यावर त्याचा कागद मिळतो का? आईला दाखवायचाय.

जुना_कारकून
मिळतो. नक्कल विभागात नक्कल अर्ज द्या, त्यावर प्रकरणाचा क्रमांक, निकालाची तारीख आणि कोर्ट फीचा स्टॅम्प. सही-शिक्क्याची नक्कल मागा, साधी झेरॉक्स नको. अर्ज देतानाच त्यावर तुमचा मोबाइल नंबर लिहा, बाबांचा नको. तारीख पडली की इथे टाका. अर्जाचा मसुदा मी व्यक्तिगत निरोपात पाठवतो, बाबांच्या नावाच्या आधी 'कै.' आणि मृत्यूची तारीख पहिल्याच ओळीत येऊ द्या, म्हणजे साहेबांच्या नजरेतून सुटणार नाही.

घाटवाट
कृष्णाकाठ, मला आधी हे कळलं नव्हतं. तुम्ही केलंत तेच बरोबर. शनिवारचं नीट पार पडू दे. आईंना नमस्कार सांगा.