मदत हवी आहे : 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मुघल तहाला तयारच होत नाहीत

मंडळी, 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९) हा संगणकावरचा युद्धाचा गेम खेळणारं कुणी आहे का इथे? मराठ्यांची मोहीम घेतलीय. सुरुवात १७०० सालची. राजाराम महाराज गेले, महाराणी ताराबाईंनी कारभार हाती घेतला आणि औरंगजेब दख्खनमध्येच तळ ठोकून होता, तो काळ. त्यामुळे जीव गुंतलाय.

मुघलांचे बहुतेक प्रांत घेतले, तरी तह नाहीच. पैसे देऊ केले, तंत्रज्ञान देऊ केलं, एक प्रांत परत करायचीही तयारी दाखवली, दरवेळी नकार. वर ज्यांच्याशी व्यापाराचा करार होता, त्या म्हैसूरनेच युद्ध पुकारलं.

लढाईत खरा त्रास किल्ल्यांचा. दोर टाकून तटावर चढवलेली तुकडी अर्धी वर, अर्धी खाली अडकते आणि खालची माणसं नुसती गोळ्या खात उभी राहतात. मागच्या तोफांचे गोळे आपल्याच पायदळावर पडतात ते वेगळंच. मैदानात मात्र घोडदळ बगलेवर घातलं की काम होतं.

तह नक्की कशाने होतो? राजधानी पडली की ऐकतात, की शेवटच्या प्रांतापर्यंत लढायचंच? तट चढण्याऐवजी आधी तोफांनी भिंत पाडावी का? एखाद्या मॉडने (चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या बदलाने) फरक पडला असेल तर तोही सांगा.