पीक गेलेल्या वर्षी हंगामाची उपकारस्तुती कशी घ्यावी?

शिवारातला
सर्वांना सलाम. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातली ३५ घरांची ख्रिस्ती मंडळी आहे. निम्मी घरं दोन-तीन एकरवाली, बाकी मजुरीवर, त्यातली काही ऊसतोडीला जाणारी. दरवर्षी सोयाबीन निघालं की उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, भक्ती होते. मेजापुढे धान्य, भाज्या, कोंबड्या येतात, नंतर लिलाव होतो आणि रक्कम मंडळीच्या खात्यात जमा होते. यंदा काढणीच्या तोंडावर पाऊस बसला आणि सोयाबीन शेंगेतच उगवलं. पंच कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सण रद्द करा, आभार कशाचे मानायचे? दुसरा बायबलमधलं १ थेस्सलनी ५:१८ (‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’) दाखवून म्हणतो, नेहमीसारखाच करा. ढोंग न होता हे कसं करावं? लिलाव ठेवावा का? आणि ज्यांच्या घरात दाणा नाही त्यांना, त्यांची मान खाली न जाता, मदत कशी पोचवावी?

वचनाचा_वाचक
रद्द करू नका, पण नेहमीसारखाही करू नका. त्या वचनात ‘सर्व स्थितीत’ आहे. सोयाबीन सडलं म्हणून देवाचे आभार माना, असं ते पत्र लिहिणारा पौल म्हणत नाही. सडलेलं असतानाही देवाशी बोलणं तोडू नका, एवढं म्हणतो.

भक्तीचा क्रम उलटा करा. सुरुवात आनंदाच्या गीताने नको, स्तोत्र १३ ने करा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत ‘कुठवर’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि गाणं शेवटच्या दोनांत येतं. मग दोन-तीन मिनिटं शांतता. त्यात एकाने गेलेल्या पिकांची नुसती नावं घ्यावीत: सोयाबीन, उडीद, कपाशी. कोणाच्या शेताचं नाव नको. त्यानंतर हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक. बहुतेक ठिकाणी फक्त ३:१७-१८ वाचतात (अंजीर फुललं नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी उल्लास करीन) आणि तिथेच चूक होते. त्याच संदेष्ट्याने १:२ मध्ये देवाकडे तक्रार केलीय. ती आधी वाचा, नाहीतर तिसरा अध्याय शेतकऱ्याला टोमण्यासारखा लागतो.

शक्य असेल तर प्रभुभोजन (भाकर आणि प्याल्याचा विधी) त्याच दिवशी ठेवा. येशूने भाकर घेऊन उपकारस्तुती केली ती, तो शत्रूंच्या हाती धरून दिला गेला त्याच रात्री. पाळकांना यंदा वेगळा उपदेश शोधायची गरज नाही.

दोन_सह्या
लिलावाबद्दल. चांगल्या वर्षी तो गमतीचा असतो. वाईट वर्षी तोच मनाला लागतो. पाच किलो ज्वारीला कोणी हजाराची बोली लावतो, टाळ्या पडतात आणि मागे बसलेली बाई आपली गवारीची जुडी पदराखाली घेते. शिवाय निम्म्या बोल्या उधारीच्या असतात. नाताळ येतो तरी वसूल होत नाहीत आणि खजिनदार वाईट ठरतो.

यंदा लिलाव बंद ठेवा. दाराशी दोन गोण्या आणि एक झाकलेली पेटी ठेवा. ज्याने त्याने आत येतानाच टाकावं, मेजापर्यंत मिरवत नेऊ नये. कोणी किती दिलं ते लिहू नका, एकूण किती आलं ते मात्र तिथेच दोघांनी मोजून वहीत लिहा, खाली दोघांच्या सह्या. ते दोघे एकाच घरातले नसावेत.

ज्याच्याकडे धान्य नाही त्याने खुरपं, विळा किंवा तांब्याभर पाणी ठेवलं तरी चालेल, घरी जाताना खुरपं परत न्यावं. मजुराला एक दिवसाचं काम देता येईल. ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावं. विधवेच्या रानात चिखलातलं सोयाबीन उपसायला असे आठ-दहा दिवस पैशापेक्षा कामाला येतात.

भिजलेलं सोयाबीन आलं तर वेगळं ठेवा. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर गोणी आतून तापते आणि बुरशी येते. बुरशी आलेलं कोणाला देऊ नका, कोंबड्यांनाही नाही. बियाणं म्हणून तर नकोच. आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. ७० पेक्षा कमी उगवले तर ते बियाणं घेणारा पुढच्या वर्षीही बुडतो.

मूठ_धान्य
मदतीचं. एकदाच गोणी नेऊन टाकण्यापेक्षा मुठीचं धान्य सुरू करा. दोन्ही वेळेला दळणाचं किंवा भाताचं काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात. मूठ साधारण ४० ग्रॅम धरा. दिवसाला ८०, महिन्याला २.४ किलो. २० घरांनी पाळलं तर ४८ किलो होतात. पाच माणसांच्या घराला ज्वारी रोज दीड किलो तरी लागते, म्हणजे महिन्याला ४५. थोडक्यात, २० घरांच्या मुठी एका घराचा महिना काढतात. त्यापेक्षा जास्त कबूल करू नका. चार घरांना आश्वासन आणि प्रत्येकी बारा किलो, यात चारही घरं उपाशी राहतात आणि वर उपकाराखाली येतात.

डबे महिनाअखेरीला गोळा करा, दोन दिवस ऊन द्या, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्या गोण्या वेगळ्या. मिसळलेलं धान्य दळायलाही अडचण आणि घेणाऱ्यालाही कळतं की हे गोळा केलेलं आहे.

पहिलं कोणाला द्यायचं? माझं मत स्पष्ट आहे: भूमिहीनांना. पंचनामा शेताचा होतो, नुकसानीची मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. ज्याची मजुरी बुडाली त्याच्यासाठी कोणी पंचनामा करत नाही. बायबलमधलं लेवीय २३ उघडून बघा. सणांची यादी चालू असताना मध्येच बावीसाव्या ओवीत शेताच्या कडा गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी सोडायला सांगितलंय. आणि उपऱ्यात ख्रिस्ती नसलेला शेजारीही आला.

बांधावरचा
वचनाचा_वाचक, अर्धंच सांगितलंत. इफिस ५:२० मध्ये ‘सर्व गोष्टींबद्दल’ आहे. कोणीतरी उभं राहून विचारणारच.

वचनाचा_वाचक
विचारू द्या. ते आहेच. पण तिथे ‘आपल्या प्रभूच्या नावाने’ही आहे, आणि तो प्रभू आपला मित्र लाजर याच्या कबरेशी रडला. ती ओवी ज्याचं नुकसान झालं त्याने स्वतः म्हणावी. दुसऱ्याने त्याला म्हणून दाखवू नये. कर्जात अडकलेल्याला ‘विश्वास ठेव’ एवढंच सांगून निघणाऱ्याबद्दल याकोब २:१५-१६ (उपाशी माणसाला नुसतं ‘तृप्त व्हा’ म्हणून काय उपयोग?) पुरेसं आहे. विश्वास ठेव म्हणायचं तर सोबत तलाठ्याकडे चला. नवऱ्यामागे वारस फेरफार झालेला नसतो, म्हणून विधवेची मदत मेलेल्या माणसाच्या नावावर अडकते. मृत्यूचा दाखला, सातबारा, आधार, पासबुक एका पिशवीत घालून द्या आणि खातं आधारला जोडलंय का ते बँकेत विचारा. एखादा अगदी गप्प झाला असेल, वस्तू वाटून टाकत असेल, तर एकटं सोडू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या.

शिवारातला
लिलाव बंद, हे पंचांना पटेल असं वाटतं. तारीख कोणती धरावी? दिवाळीनंतरचा रविवार ठरत होता.

मूठ_धान्य
उशीर होतो. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्यावर गेलेल्या असतात, म्हणजे ज्यांना द्यायचं तेच नसतात. दिवाळीच्या आधीचा रविवार घ्या. निघणाऱ्या घरांना धान्य शनिवारी अंधार पडल्यावर दोघांनी पोचवावं, दळून पीठ केलेलं असलं तर उत्तम, कारण फडावर गिरणी जवळ नसते. म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं गावात मागे राहतात. त्यांच्यासाठी महिन्याची गोणी वेगळी काढा आणि कोणाच्या घरी ठेवायची ते टोळी निघायच्या आधी ठरवा.