शब्दचर्चा: ‘इनलाग्ड सिल’ला लोणचं म्हणावं का?

प्रश्न: स्वीडिश मिडसोमारच्या (जूनमधल्या उन्हाळी सणाच्या) जेवणाची यादी मराठी पाहुण्यांसाठी लिहायची आहे. ‘इनलाग्ड सिल’साठी ‘हेरिंगचं लोणचं’ चालेल का? ‘ग्रेदफील’ आणि ‘फॅश्कपोताटिस’ यांनाही शब्द हवेत. ‘मिडसोमारआफ्तोन’ म्हणजे ‘मिडसमरची संध्याकाळ’च ना?

— लोणचं नको. लोणचं म्हटलं की पाहुणा डाव्या बाजूला बोटभर वाढून घेणार. इथे मासा हाच जेवणाचा कणा, उकडलेल्या बटाट्यांबरोबर चांगल्या चार-पाच फोडी घेतात. तेल, मोहरी, तिखट यांचा पत्ता नाही. ‘इनलाग्ड’ म्हणजे आत घालून ठेवलेला, म्हणजे आपला ‘मुरवलेला’. ‘आंबटगोड मुरवलेला हेरिंग’ लिहा.

— ‘मुरवलेला’ला +१. ज्यात मुरवतात त्या पाण्याला ‘लाग’ म्हणतात. त्याचं प्रमाण १-२-३: एक वाटी एत्तिका (तिकडचा तीव्र शिरका), दोन वाट्या साखर, तीन वाट्या पाणी. १०० मिलीची वाटी घेतली तर साधारण ४०० ग्रॅम माशाला पुरतं.

घोळ होतो तो एत्तिकाचं भाषांतर ‘व्हिनेगर’ केल्यावर. या प्रमाणातली एत्तिका १२ टक्के आम्लाची असते, तर आपल्याकडचं पांढरं व्हिनेगर बहुधा ४-५ टक्क्यांचं. ते एकच वाटी घातलं तर नुसतं गोड पाणी होतं आणि मासाही नीट मुरत नाही. ४ टक्क्यांचं असेल तर ३ वाट्या व्हिनेगर, १ वाटी पाणी. ५ टक्क्यांचं असेल तर अडीच वाट्या आणि दीड वाटी. साखर तेवढीच. उलट स्वीडनमध्ये २४ टक्क्यांची बाटलीही मिळते, ती अर्धीच वाटी. लेबल वाचा.

लाग पूर्ण गार झाल्याशिवाय माशावर ओतू नका. गरम ओतला की मासा शिजतो आणि फोडींचा भुगा होतो. खारवलेला मासा आधी रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, नाहीतर मीठच मीठ. लाग घातल्यावर फ्रीजमध्ये किमान एक दिवस.

— अवांतर: लागमध्ये घालतात तो ‘क्रिद्पेप्पार’ म्हणजे ऑलस्पाइस. नाव ऐकून कुणी मिश्र मसाला घालतं. तो एकाच झाडाच्या वाळलेल्या फळांचा असतो, अख्खाच टाकतात.

— गोव्यातला ‘पारा’ विसरलात. तोही शिरक्यात मुरलेला मासाच. पण सुका मासा, मिरच्या, तिखटजाळ, आणि वाढतात लोणच्यासारखा थोडासाच. म्हणजे ‘लोणचं’ त्याला शोभतं, सिलला नाही. आणि कृपया ‘सिल’ला बांगडा म्हणू नका. बांगडा मॅकरेलच्या घरातला. हेरिंग तारलीच्या जवळचा. स्वीडिश लोक तर एकाच माशाला दोन नावं देतात: बाल्टिक समुद्रात काल्मार शहराच्या उत्तरेला पकडला तर ‘स्त्रोमिंग’, एरवी ‘सिल’.

— ‘ग्रेदफील’ला मराठीत आयता शब्द आहे: विरजलेली साय! ‘सावर क्रीम’ कशाला? फक्त ही पातळ, १२ टक्के स्निग्धांशाची. पर्याय म्हणून टांगलेलं दही थोड्या क्रीमबरोबर फेटा. नुसतं दही घातलं तर पाणी सुटतं.

— फॅश्कपोताटिसला ‘छोटे बटाटे’ लिहिलंत तर चूक. मुद्दा आकाराचा नाही, नव्या काढणीचा. अंगठ्याने चोळल्यावर साल निघाली तर ‘नवे बटाटे’. ते उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकायचे, सोबत शेपूचे देठ. फुलोऱ्याला ते ‘डिलक्रूना’, शेपूचा मुकुट म्हणतात. आपण ‘शेपूचा तुरा’ म्हणू. कोवळी पानं मात्र वाढताना वरून. आपल्या बाजारातला शेपू जरा उग्र, म्हणून अर्धाच घ्या. पण शेपू म्हटलं की मूगडाळीची भाजी आठवून नाक मुरडणारे असतातच, यादीत ‘डिल’ लिहिलंत तरी वासावरून ओळखतील.

— शेवटचा शब्द राहिला. ‘आफ्तोन’चा शब्दार्थ संध्याकाळ, पण इथे अर्थ ‘आदला दिवस’. १९५३ पासून तो १९ ते २५ जूनमधला शुक्रवार असतो आणि खरा सण त्याच दिवशी. सिल-बटाट्याचं जेवण तर दुपारचं. ‘संध्याकाळ’ वाचून पाहुणे सात वाजता आले तर त्यांच्या वाट्याला स्ट्रॉबेरीचा केकही उरायचा नाही. ‘शुक्रवार, दुपारी १’ असं लिहा आणि ‘आफ्तोन’ वगळा.