सिडकोतला मुलगा, 1580 रेटिंग आणि सोडवलेली शाळा

जुनी_स्कोअरशीट

काल तीन जणांनी मला एकच पोस्ट पाठवली. नाशिकच्या सिडकोतल्या एका वडिलांची. मुलगा अकरा वर्षांचा, दोन वर्षांत बुद्धिबळाचं रेटिंग, म्हणजे खेळाचं बळ दाखवणारा आकडा, 1200 वरून 1580, म्हणून त्याला सहावीतून काढून पूर्णवेळ बुद्धिबळाला बसवलं आहे. शेवटी लिहिलंय, 'विदित गुजराथीनंतर नाशिकचा पुढचा ग्रँडमास्टर आमच्या घरातून. गुकेशने चौथीनंतर शाळा सोडली, आम्हाला उशीरच झाला.' खाली अभिनंदनाची रांग लागली आहे, एकानेही प्रश्न विचारलेला नाही. मला रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

आधी ती 380 गुणांची झेप. 1 मार्च 2024 ला फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, 2000 च्या खालच्या सगळ्यांची रेटिंग वर उचलली. 2000 मधून आपलं रेटिंग वजा करायचं, उरेल त्याचे चाळीस टक्के मिळवायचे. 1200 वाल्याला 320 मिळाले. रात्री 1200 होता, सकाळी 1520. म्हणजे पोराने पटावर बसून कमावले ते 60. साठ गुण वाईट नाहीत, पण साठ गुणांवर शाळा सोडवतात?

आता विदितचं नाव घेतलंच आहे तर नीट घ्या. 2008 मध्ये तो 14 वर्षांखालचा जगज्जेता झाला. ग्रँडमास्टर झाला 2013 मध्ये, अठराव्या वर्षी. 2700 रेटिंग ओलांडायला 2017 उजाडलं. 2023 ची ग्रँड स्विस स्पर्धा 11 पैकी 8.5 गुणांनी जिंकून तो कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला, गेला आणि टोरांटोत अमेरिकेच्या नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं, तेव्हा त्याचं वय 29 होतं. शाळा इथेच नाशिकला केली. विश्वनाथन आनंदही 1988 ला अठराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झाला आणि त्याने बीकॉम पूर्ण केलं. दोघांनाही शाळा आडवी आली नाही.

अडीचघर

तुमचा काळ वेगळा होता दादा. गुकेश 12 वर्षं 7 महिने 17 दिवसांचा असताना ग्रँडमास्टर झाला आणि अठराव्या वर्षी, डिसेंबर 2024 मध्ये, सिंगापूरला चीनच्या डिंग लिरेनला हरवून जगज्जेता. त्याच्या वडिलांनी डॉक्टरकीची चालू प्रॅक्टिस बाजूला ठेवली होती. आज अकराव्या वर्षी 1580 म्हणजे मागेच पडलेला मुलगा आहे, आणि वडिलांना ते कळतंय.

शाळा सांभाळून खेळायचं म्हणता, जरा हिशेब करून बघा. प्रत्येक खेळाडूला 90 मिनिटं आणि प्रत्येक चालीला जादा 30 सेकंद. साठ चालींचा डाव झाला की चार तास गेले. दिवसाला दोन फेऱ्या, असे चार-पाच दिवस. परत आल्यावर घटक चाचणी. मी माझ्या मुलाबरोबर हे तीन वर्षं केलं. मुलगा गृहपाठही धड करत नव्हता आणि एंडगेमचा, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याचा, सरावही. शेवटी त्याने बुद्धिबळच सोडलं. तेव्हा शाळेतून काढला असता तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

आणि ते 60 गुण तुम्ही ज्या सुरात लिहिलेत तो मला आवडला नाही. समोरच्यांचीही रेटिंग उचलली गेली होती. मार्चनंतर जे मिळवलं ते त्याच उंचीवरच्या लोकांकडून मिळवलंय.

जुनी_स्कोअरशीट

साठ गुण प्रामाणिक आहेत, हे मान्य. सूर चुकला असेल. पण पोस्टमध्ये 380 लिहिलंय, 60 नाही. ते वाचून उद्या आणखी चार घरांत शाळा सुटेल.

ओझरकर

शाळेचं काय घेऊन बसलात, आधी खेळायला जायचं कसं ते बोला. चांगल्या स्पर्धा पुण्याला नाहीतर मुंबईला. मुंबईला निदान पंचवटी एक्सप्रेस आहे. पुण्याला थेट रेल्वेमार्गच नाही! किती वर्षं ऐकतोय नाशिक-पुणे रेल्वे येणार म्हणून. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत एसटीने पाच-सहा तास, पोर उलट्या करत पोचतं आणि दहा वाजता पहिल्या फेरीला बसतं. पुण्याच्या पोराने तोवर घरचा नाश्ता केलेला असतो.

दुसरं म्हणजे या शहराला बुद्धिबळाशिवाय काही दिसत नाही. सावरपाड्याची धावपटू कविता राऊत 2010 ला दिल्लीत राष्ट्रकुलचं पदक घेऊन आली. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला नाव वल्हवून आला. त्यांच्यासारखं व्हायला निघालेल्या आदिवासी पाड्यावरच्या मुलीला शाळा सोडावी लागते तेव्हा कोणी धागा काढत नाही.

अडीचघर

ओझरकर, धावणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. इथे विषय तो नाही.

सिडकोची_आई

विषय शाळेचा नाहीच. विषय हॉलच्या दाराचा आहे.

माझी मुलगी 11 वर्षांखालच्या गटात खेळायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंगल कार्यालयात स्पर्धा. आत पोरं, बाहेर आम्ही सतरंज्या टाकून दिवसभर. दार उघडलं की सगळे आईबाप उठून उभे. पोर बाहेर येताना खाली बघत असेल तर हरलंय, हे पन्नास लोकांना एकदम कळतं. एका फेरीनंतर एका वडिलांनी मुलाला त्या दारातच मारलं. वजीर फुकट दिला म्हणून. नऊ वर्षांचा असेल. कोणीही मधे पडलं नाही. मीही नाही.

आणि मी काय केलं ते सांगते. माझी मुलगी सात वर्षांच्या पोराकडून हरली. मी हात उचलला नाही, फक्त बोलले नाही. नाशिकरोडहून स्कूटरवर निघालो ते द्वारका चौकापर्यंत एक शब्द नाही. द्वारकेच्या सिग्नलला ती मागून म्हणाली, 'आई, तू मला रागाव ना.' ही गोष्ट मी आजवर घरातही कोणाला सांगितली नव्हती.

त्या पोस्टमधल्या मुलाची शाळा सुटली म्हणजे त्याला आता ते दारच तेवढं उरलं. निदान शाळेत डबा खाताना त्याचं रेटिंग कोणाला माहीत नसतं.

पंच_नाशिकरोड

मी या दाराच्या आतल्या बाजूला उभा असतो. फेरी सुरू झाली की पालक बाहेर, असा आमचा आग्रह असतो आणि दर वेळी भांडण होतं. खिडकीतून खुणा केलेल्या मी पकडल्या आहेत. हरलेलं पोर स्वच्छतागृहात अर्धा तास लपून बसतं, कारण बाहेर बाबा आहेत. अशा पोरांना मी स्वतः हात धरून बाहेर आणलंय. माझं तर मत आहे की पालकांना इमारतीच्या आवारातच येऊ देऊ नये.

अडीचघर

आवारात येऊ देऊ नये? मग आठ वर्षांच्या मुलीला परगावी एकटी सोडायची? तिला ताप आला तर तुम्ही बघणार का? आयोजक प्रवेश फी घेतात आणि पालकांना बसायला एक खुर्ची देत नाहीत, प्यायला पाणी देत नाहीत. त्यावर पंचांनी कधी तोंड उघडलंय? सगळा दोष आईबापांचा!

आणि ताई, तुम्ही तुमच्या मनातली टोचणी त्या वडिलांच्या गळ्यात बांधताय. त्यांनी मुलाला मारलंय असं कोणी म्हटलं?

सिडकोची_आई

माझी टोचणी मी माझ्याच नावावर लिहिली आहे, नीट वाचा. तुमच्या मुलाने बुद्धिबळ का सोडलं हे तुम्ही त्याला कधी विचारलंत का? तुम्ही लिहिता, शाळेमुळे. तो काय म्हणतो?

अडीचघर

माझ्या घरात शिरायचं काम नाही.

पंच_नाशिकरोड

दोघंही थांबा जरा. पाणी आणि खुर्च्यांचं अडीचघर बरोबर बोलले. आवाराबाहेर काढा हे मी तावात लिहिलं, ते मागे घेतो. पण दारापासून पालक लांब हवेत, पोर आपल्या पायांनी चालत त्यांच्यापर्यंत जाईल इतके लांब. एवढ्या वेळात ते रडणं आवरतं. मी बघितलंय.

ओझरकर

पंचांचं हे पटलं. पिंपळगावला एका स्पर्धेत पालकांना शेजारच्या झाडाखाली बसवलं होतं, निकालाचा कागद तिथेच आणून लावायचे. दारात गोंधळच नव्हता. रेल्वेचा मुद्दा मी सोडलेला नाही.

अंबड_दुसरी_पाळी

ती पोस्ट माझी आहे. दुपारी कोणीतरी हा धागा पाठवला, पाळी संपवून आता वाचला.

मी मुलाला कधी मारलं नाही. शाळा सोडवली कारण शाळेने पर्याय ठेवला नाही. दोन स्पर्धांसाठी रजेचे अर्ज दिले, दोन्ही वेळा गैरहजेरी लागली. वर्गात सगळ्यांसमोर त्याला उभं करून विचारलं, 'खेळून पोट भरणार का?' तो त्या दिवशी घरी येऊन पट उचलून माळ्यावर ठेवायला निघाला होता. मी काय करायचं होतं? त्याच शाळेच्या फलकावर जिल्हा स्पर्धा जिंकल्याचा फोटो मात्र लागला होता.

320 चं मला माहीत नव्हतं. मी यंत्रावर काम करणारा माणूस आहे. रेटिंग वाढलं एवढंच कळलं, पेढे वाटले. कोचनेही सांगितलं नाही. तुम्ही चारचौघांत सांगितलंत, याचा राग आला आणि अजून आहे.

जुनी_स्कोअरशीट

चारचौघांत सांगितलं ते तुमची पोस्ट चारचौघांत फिरली म्हणून. तरी आधी तुम्हाला गाठून बोलायला हवं होतं, हे खरं. आणि शाळेने जे केलं ते वाचून मी गप्प झालो. मला वाटलं होतं तुम्ही हौसेने काढलंत.

पण आता खर्चाचंही सांगतो, कारण कोच बहुतेक हेही सांगणार नाही. अठराच्या आतल्या आणि 2300 खालच्या मुलाचा के, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, 40 असतो. आपल्यापेक्षा 400 ने कमी असलेल्याला हरवलं तर 3.2 गुण मिळतात, त्याच्याशी हरलं तर 36.8 जातात. बिनरेटिंगच्या मुलाशी खेळलेला डाव तर रेटिंगला धरतच नाहीत. म्हणजे वर्षभर प्रत्येक खुल्या स्पर्धेला पळवलं तर तुमचा पगार जाईल आणि रेटिंग तिथेच राहील. दोन महिन्यांतून एक स्पर्धा पुरे. बाकी दिवस हरलेले डाव घेऊन बसा.

अडीचघर

यावर माझं भांडण नाही. स्पर्धा कमी, अभ्यास जास्त, हे मीही सांगितलं असतं. शाळेचं मत मात्र बदललेलं नाही. आणि ताई, रात्री मुलाला फोन केला होता. तो पुण्याला नोकरीला आहे. एवढंच सांगतो.

सिडकोची_आई

बरं केलंत.

दादा, तुम्ही दुसरी शाळा बघा. इंदिरानगरला माझी मैत्रीण शिकवते, तिथे स्पर्धेची रजा मांडून घेतात आणि चाचणी नंतर देतात. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तुमच्याकडे आठ वर्षं आहेत.

अंबड_दुसरी_पाळी

शाळेचं जूनमध्ये बघू. मुलाला विचारून. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं म्हणून नाही.

तो शेजारी बसलाय, झोपत नाहीये. म्हणतोय, त्या स्कोअरशीटवाल्या काकांना विचारा. मागच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत हरला. काळ्या सोंगट्या. दोघांकडे एकेक हत्ती, पांढऱ्याचं मधलं प्यादं पाचव्या रांगेत, राजा त्याच्या शेजारी. याचा राजा आठव्या रांगेत प्याद्याच्या समोर. याने हत्तीही आठव्या रांगेतच ठेवला, राजाच्या बाजूला, राखणीला. विचारतोय की हरायचाच होता का तो डाव.

जुनी_स्कोअरशीट

नाही. बरोबरी होती. त्याला म्हणावं, हत्ती सहाव्या रांगेत आडवा ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही. तिथेच इकडून तिकडे हलवत राहायचा, घाई करायची नाही. पांढऱ्याने प्यादं सहाव्या रांगेत ढकललं की लगेच हत्ती खाली पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. आता राजाला लपायला प्याद्याच्या पुढची जागा उरलेली नसते. फिलिडोरची बचावाची रचना म्हणतात तिला. उद्या पटावर मांडून दहा वेळा खेळू दे, पांढऱ्याकडून तुम्ही बसा. आणि बाकीच्या फेऱ्यांच्या स्कोअरशीटचे, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदांचे, फोटो मला पाठवा, हरलेल्या आधी.