विषय: आईचा जन्म चंदगडचा, नोंद नसल्याचा दाखला कुठून काढायचा? (तातडीचं)

नमस्कार मंडळी,

आईच्या अमेरिकन ग्रीनकार्डच्या फाईलवर परत शेरा आला. आय-१३० (तिच्यासाठी मी केलेला अर्ज) मंजूर झालं, नॅशनल व्हिसा सेंटरची फी भरून झाली, माझं आय-८६४ (खर्चाची हमी) पण त्यांनी घेतलं. अडलंय ते जन्मदाखल्यावर. शाळेच्या दाखल्यावरून केलेलं प्रतिज्ञापत्र चढवलं होतं, ते नुसतं चालत नाही. जन्मनोंद द्या, नाहीतर नोंद नसल्याचा सरकारी दाखला आणि सोबत दुसरे पुरावे.

आई १९५१ची. जन्म तिच्या आजोळी, चंदगड तालुक्यात. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होतं, आता महाराष्ट्रात. वाढली बेळगावच्या शहापुरात, म्हणून पासपोर्टवर जन्मस्थळ बेळगाव, कर्नाटक. दादा बेळगावच्या कचेरीत जाऊन आला, तर ते म्हणतात चंदगडला जा. एक एजंट म्हणतो बेळगावातूनच काढून देतो, आधी पैसे पाठवा. कुणाचं असं झालंय का? लवकर कळवा.

– शहापूरची, डॅलस

~~~

ताई,

माझ्या वडिलांचा दाखला खानापुरातच तलाठ्याकडून मिळाला होता. कन्नडमध्ये होता, इंग्रजी भाषांतर करून खाली भाषांतरकाराची सही घेतली. काही अडचण आली नाही. पासपोर्टवर बेळगाव आहे ना, मग बेळगावचाच घ्या. दोन कागदांवर दोन राज्यं दिसली की ते अधिकारी हमखास अडकवणार.

१ नोव्हेंबर १९५६ ला अख्खा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला आणि एक चंदगड तेवढं मुंबई राज्यात ठेवलं. आमचे आजोबा जाईपर्यंत म्हणायचे, चंदगड सुटलं आणि खानापूर अडकलं. आपले पाहुणे, आपली शेतं दोन्हीकडे. मंडळात हा विषय निघाला की तरुण मुलं कंटाळतात, पण बघा, तो आज कुणाच्या तरी आईच्या व्हिसापर्यंत आलाच.

– खानापूरकर काका, न्यू जर्सी

~~~

काकांचा मान राखून सांगते, हे करू नका. जिथं जन्म झालाच नाही तिथून नोंद नसल्याचा दाखला आणला तर त्याला अर्थ काय? बेळगावात नोंद नाही हे खरंच आहे, कारण ती असायची चंदगडला. मुलाखतीत आईंना विचारलं, जन्म कुठला, तर त्या खरं तेच सांगणार. एजंटला एक पैसा देऊ नका.

तालुका गेला तसं त्याचं दप्तरही गेलं. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात, कोतवाल बुक म्हणतात ते. तहसीलच्या अभिलेख कक्षात आधी तेच काढायला सांगा. ग्रामपंचायतीतही विचारा, कारण महाराष्ट्रात गावचा निबंधक ग्रामसेवक असतो. आमच्या सासूबाईंची नोंद अशीच सापडली. पिवळं पडलेलं पान, मोडी वळणाची अक्षरं, वडिलांचं नाव, जात, तारीख, आणि पुढं नुसतं ‘मुलगी’. बाळाचं नावच नाही! तरी तिची नक्कल जोडली, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रं. नोंद नाहीच मिळाली तर नसल्याचा दाखला तिथूनच घ्या. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, बहुतेक राज्यांत लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधीच्या कितीतरी माणसांची नोंद नसते, हे वकिलातीला चांगलं माहीत आहे.

– निपाणीची वहिनी, एडिसन

~~~

सर्वांना विनंती. मागच्या वर्षी संक्रांतीच्या कार्यक्रमात ठरलं होतं की इमिग्रेशनचे प्रश्न आधी मंडळाच्या समितीकडे पाठवायचे आणि आम्ही वकिलांशी बोलून उत्तर द्यायचं. इथं ऐकीव सल्ला दिला आणि कुणाची फाईल बिघडली तर जबाबदारी कुणाची?

वहिनींचं चंदगडबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. त्यात भर घालतो. प्रतिज्ञापत्रं दोन हवीत, आणि जन्माची स्वतः माहिती असलेल्या वयस्क माणसांची. ‘आम्ही यांना ओळखतो’ एवढ्यावर भागत नाही. आपलं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, आईंशी नातं, त्यांचा जन्म कधी व कुठं झाला, आईवडील कोण, आणि हे आपल्याला कसं माहीत, सगळं यायला हवं. माहेरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं वेगळं प्रतिज्ञापत्र करा.

– समितीतर्फे, चिकोडी

~~~

समितीला विचारायचं होतं, पण समिती उत्तर देईपर्यंत दिवाळी येते, म्हणून इथंच. मी पण आईचा अर्ज करणार आहे. धाकटा भाऊ तिच्याजवळ राहतो, लग्न व्हायचंय. तिच्या फाईलवर त्याचं नाव चढेल का?

– हुक्केरी, अटलांटा

~~~

नाही चढत. आईवडिलांच्या वर्गाला वर्षाला किती व्हिसे द्यायचे याची मर्यादा नाही, म्हणून ते लवकर होतं, पण त्यांच्यासोबत दुसऱ्या कुणाला येता येत नाही. भावासाठी तुम्ही नागरिक म्हणून वेगळा अर्ज करा, भावंडांचा तो चौथा वर्ग. साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५ हजार व्हिसे, त्यात भारतीयांची रांग पंधरा वर्षांच्याही पुढं. दुसरी वाट म्हणजे आईला ग्रीनकार्ड मिळाल्यावर तिनं अविवाहित मुलासाठी अर्ज करायचा. मधेच त्याचं लग्न झालं तर तो अर्ज बाद होतो. पोराचं लग्न त्यासाठी अडवून ठेवू नका, हे माझं मत.

– निपाणीची वहिनी

~~~

सगळे कागदांचंच बोलताय. शहापूरच्या ताई, आईला विचारलंत का? आमच्या आईला ग्रीनकार्ड मिळालं, पण जीव हिंडलग्यातच. भात कापणीला गेली की परत यायचं नाव नाही. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की विमानतळावर विचारणा होते, आणि वर्षाच्या वर राहायचं तर निघण्याआधीच रीएन्ट्री परमिटचा, म्हणजे परत आत यायच्या परवान्याचा, अर्ज करावा लागतो. शिवाय ६५ पूर्ण असलं तरी इथं सलग पाच वर्षं झाल्याखेरीज मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) विकत घेता येत नाही, तोवर विम्याचा खर्च आपल्यावर. हे त्यांच्यापुढं मोकळेपणानं ठेवा. टुरिस्ट व्हिसा अजून चालू असेल तर आत येताना फाईलबद्दल विचारतील, तेव्हा खरं तेच सांगायचं.

– हिंडलग्याचा, शिकागो

~~~

सगळ्यांचे आभार. आईशी बोलले. बाबा गेल्यापासून रात्री तिला एकटीला घरात राहवत नाही, तिलाच यायचंय. वर्षातून एकदा शहापूरला नेऊन आणीन, हे मी कबूल केलंय.

एजंटला नको म्हणून कळवलं. दादा सोमवारी चंदगडला जातोय, नमुना १४ बघायला अर्ज लिहून ठेवलाय. प्रतिज्ञापत्रासाठी उचगावची मावशी आहे, आईपेक्षा मोठी, जन्माच्या वेळी त्याच घरात होती. दुसरं कुणी हवं, आजोळकडचं. काका, चंदगडकडे तुमचे पाहुणे आहेत म्हणालात, ऐंशीच्या आसपासचं कुणी असेल तर फोन करून बघाल का? वहिनी, सासूबाईंच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा नावं खोडून पाठवा.

– शहापूरची, डॅलस