अनुभव धागा: गालापागोसच्या सांताक्रूझ बेटावर तंबूतला मुक्काम

इक्वेडोरच्या गालापागोस द्वीपसमूहात सांताक्रूझ बेटाच्या उंच भागात, शेतजमिनींवर, आलिशान आणि पर्यावरणस्नेही म्हणवणारे तंबूंचे कॅम्प आहेत. तिथली बारीकसारीक माहिती असणाऱ्यांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको. हवा, तंबू, पाणी, वीज, नियम आणि कुठे काय बिनसतं, तेवढंच.

रानवाटा:
आधी महिना ठरवा, बाकी सगळं त्यामागून येतं. जून ते नोव्हेंबर-डिसेंबर हा गारुआचा, म्हणजे धुक्या-झिमझिमीचा काळ. हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे समुद्र गार असतो, आग्नेयेचे वारे ढग दक्षिण उतारावर आणून अडकवतात आणि वरच्या पट्ट्यात दिवसचे दिवस भुरभुर चालते. उत्तरेच्या बाल्ट्रा बेटावरचा विमानतळ मात्र तेव्हाही कोरडा ठणठणीत. इताबाका कालवा ओलांडून रस्ता वर चढला की लोस जेमेलोसच्या जुळ्या खड्ड्यांपाशी गाडीचे वायपर सुरू होतात. किनाऱ्यावरचं ऊन बघून जॅकेट बॅगेच्या तळाशी टाकू नये.

जानेवारी ते मे ऊन, मधेच जोरदार सरी, समुद्र उबदार. मग सगळे तेव्हाच का जात नाहीत? कासवांमुळे. मोठी कासवं गारुआत वर असतात. पाऊस होऊन खालच्या कोरड्या पट्ट्यात कोवळा चारा आला की त्यातली बरीच खाली उतरतात. थोडी वरच राहतात, पण कॅम्पच्या आवारात कासव दिसावं ही मुख्य इच्छा असेल तर जुलै ते डिसेंबर बरा. कासवं हवीत तर ओलही घ्यायची, सौदा असाच आहे.

खटपट्या:
ओलीबद्दल लिहितो. नीट उभारलेला कॅनव्हासचा तंबू लाकडी चौथऱ्यावर असतो आणि त्याच्या वर वेगळं छत ताणलेलं असतं. दोहोंमध्ये हवा खेळायला फट हवी. ती नसेल तर दुपारी तंबू तापतो आणि रात्री आतून दव धरतं. थंडी वाजते म्हणून लोक खिडक्यांचे पडदे चारी बाजूंनी बंद करतात, घोळ तिथेच होतो. श्वासाची वाफ आत कोंडते आणि सकाळी उशीसुद्धा दमट लागते. समोरासमोरच्या दोन खिडक्यांची जाळी लावून पडदे वीतभर उघडे ठेवावेत. अंगावर एक पांघरूण जास्त घ्या, पण हवा अडवू नका.

भिजलेला कॅनव्हास आकसतो, त्यामुळे दाराच्या झिपवर ताण येतो. जोर लावला की दात सुटतात. एका हाताने दोन्ही काठ जवळ धरायचे, मग दुसऱ्या हाताने सरकवायची. तरी अडली तर दातांवर मेणबत्तीचं टोक घासावं.

सुती कपडे गारुआत दोन दिवस वाळत नाहीत. जीन्स तर नकोच. कॅमेऱ्याचं वेगळं. वरच्या गार हवेतून किनाऱ्यावर उतरलं की भिंगावर बाष्प धरतं. उतरण्याआधीच कॅमेरा हवाबंद पिशवीत टाकावा आणि खाली अर्धा तास तसाच राहू द्यावा. आधी उघडून पुसत बसण्यात अर्थ नाही, पुन्हा धरतं.

मीठभाकर:
पाणी. पुएर्तो आयोरा गावात नळाला मचूळ पाणी येतं, ते पिऊ नये. वरचे कॅम्प छपरावरचं पावसाचं पाणी साठवून गाळतात. हिशेब सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पडला तर 1,000 लिटर, आणि मिनिटाला 9 लिटरच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर अकरा जणांतच ते संपतं. गारुआची झिमझिम दिसते खूप, मापात भरते थोडी. साबण लावताना नळ बंद करा ही सूचना शोभेची नसते.

विजेचा दाब 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, प्लग दोन चपट्या पट्ट्यांचा. सौरऊर्जेवर चालणाऱ्या कॅम्पात ढगाळ आठवड्यात बॅटऱ्या पुरत्या भरत नाहीत. केस वाळवायचं यंत्र 1,200 ते 1,800 वॅट ओढतं, इन्व्हर्टर बसतो आणि शेजारचेही अंधारात. झोपेत सीपॅप (श्वासासाठी हवेचा दाब देणारं यंत्र) लावणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच कळवावं.

पर्यावरणस्नेही पाटी खरी की नुसती हिरव्या रंगाची, हे तीन प्रश्नांत कळतं. सांडपाणी कुठे जातं? ढगाळ दिवसांत वीज कशावर? कुंपणाची खालची तार जमिनीपासून किती उंच? तिसऱ्याला उत्तर आलं नाही तर मी तरी दुसरा कॅम्प बघेन. तार खाली असली की कासवांची वाट बंद होते.

कासवगती:
तारेचा मुद्दा पटला. नियम थोडक्यात. प्राण्यांपासून किमान 2 मीटर. फ्लॅश नाही, परवानगीशिवाय ड्रोन नाही, खाऊ घालणं नाही. न्याहारीच्या टेबलावर फिंच पक्षी येऊन बसले तरी नाही. फार जवळ गेलात तर कासव मान आत ओढतं आणि जोरात फुस्स आवाज येतो. ते चिडणं नसतं, अंग आत घेताना फुप्फुसातली हवा बाहेर पडते. तुम्ही मात्र मागे सरायला हवं. वाटेत बसलं असेल तर थांबायचं किंवा वळसा घालायचा. ढकलायचं नाही.

मुख्य भूमीच्या विमानतळावर 20 डॉलरचं ट्रान्झिट कार्ड घ्यावं लागतं आणि सामानाची जैवतपासणी होते. ताजी फळं, बिया, माती लागलेले बूट चालत नाहीत. बुटांचे तळवे घरीच ब्रशने घासा. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क ऑगस्ट 2024 पासून प्रौढ परदेशी पाहुण्यांना 200 डॉलर. ते बाल्ट्राला उतरल्यावर भरायचं, रोख जवळ असू द्या.

मुंग्या कोणी लिहिल्या नाहीत. बाहेरून आलेल्या, जेमतेम दीड मिलिमीटरच्या लालसर मुंग्या वरच्या भागात आहेत आणि आकाराच्या मानाने फार झोंबतात. सॅक गवतावर टेकवू नये, गमबूट घालण्याआधी उलटे करून आपटावेत.

रानवाटा:
बोटींचं राहिलं. नॉर्थ सेमूर, बार्तोलोमे या बेटांच्या दिवसभराच्या सहली बहुधा इताबाका कालव्यावरून निघतात, म्हणजे कॅम्पवरून गावाच्या उलट्या दिशेला. गावात उतरून परत चढण्यापेक्षा हमरस्त्यावरच बसमध्ये घ्यायला सांगा. इसाबेला बेटाची बोट मात्र सकाळी पुएर्तो आयोराहून सुटते आणि साधारण दोन तास घेते. तिथे जायचं असेल तर आदली रात्र गावातच काढावी. ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.